वाघीण जेवत नाही

लक्ष्मणदादांच्या आणि आमच्या गच्चीच्या मध्ये कमरेएवढी एक भिंत आहे. सदर बाजाराच्या मागच्या आमच्या गल्लीत सगळ्याच गच्च्या अशा एकमेकींना चिकटून. भिंतीच्या अलीकडे माझी तुळस, पलीकडे दादांची खाट. संध्याकाळी मी दिवा लावायला वर गेले की पलीकडून आवाज यायचा, "काय सुरभीबाई, आज देवाकडे काय अर्जी?" लग्न होऊन झाशीला आले तेव्हापासून हे ऐकते आहे. सुरुवातीला राग यायचा. नंतर नंतर असं झालं, की ज्या दिवशी दादा काही बोलले नाहीत त्या दिवशी दिवा लावल्यासारखंच वाटायचं नाही.

दादा आमच्या नात्यातले नव्हेत. त्यांचं घराणं गुरसरायकडचं. पणजोबा-खापरपणजोबा कुणी तिकडे सरदाराच्या पदरी होते. "ते तलवार घेऊन आले, मी ब्रश घेऊन बसलो," असं दादा सांगतात. रेल्वेच्या डबे दुरुस्तीच्या कारखान्यात ते पेंटर होते. मालगाडीच्या डब्यांवर नंबर आणि अक्षरं घालायची, हे त्यांचं काम. उंच, वाळकुडे, आणि उजव्या हाताच्या नखांत पांढऱ्या रंगाची रेघ. ती रेघ निवृत्त झाल्यावरही गेली नाही, कारण मग गल्लीतल्या दारांवर, दुकानांवर नावं लिहून द्यायला लागले. आमच्या दारावर यांचं नाव त्यांनीच लिहिलं आहे. मी म्हटलं, वर श्री लिहा. म्हणाले, "श्री लिहीन. पण मग चोर आला तर श्रीलाच विचार." आणि इतका सुंदर श्री लिहिला की पोस्टमन थांबून बघतो.

लग्न केलं नाही. आई होती तोवर आई आणि ते. आई गेल्यावर ते एकटे. देवळात पाऊल नाही, उपास नाही, श्राद्धपक्ष नाही. पण मराठी मंडळाच्या गणपतीच्या मागचा पडदा दर वर्षी तेच रंगवतात, आणि मूर्ती बसायच्या आत निघून येतात. असा माणूस.

वाघीण त्यांना कारखान्यात सापडली. कुठल्याशा यार्डातून दुरुस्तीला आलेला एक बंद डबा होता. दार गंजून घट्ट बसलेलं. हातोड्यानं ठोकून ठोकून ते सरकवलं, तर आत कोपऱ्यात ही. तपकिरी अंग, एक कान फाटलेला, आणि डोळे उघडे. ते दार कधीपासून बंद होतं कुणाला सांगता येईना. आत पाणी नाही, दाणा नाही. डब्याला बोट जाईल एवढी फट नाही. माणसं मागे सरली. एकजण तर म्हणाला, "दादा, हाथ मत लगाना. ये कुतिया नहीं है, कुछ और है."

दादांनी ते हसत हसत सांगितलं होतं मला. पण पुढचं सांगताना हसले नाहीत. तिला कुणी बिस्किट टाकलं, कुणी दूध ठेवलं. ती बघायचीसुद्धा नाही. दुपारच्या सुट्टीत दादा डबा घेऊन त्या दाराशी बसले. पोळीचे दोन तुकडे केले, एक स्वतः खाल्ला, एक आत ठेवला. "ती पोळीकडे बघत नव्हती, सुरभीबाई. माझ्या गळ्याकडे बघत होती. घास खाली उतरला, तिनं तो उतरताना बघितला, आणि मग उठली." दादांचं म्हणणं, तिला कधीतरी कुणी खाण्यातून विष घातलेलं असणार. मालगाडीच्या डब्याला आपल्यात वाघीण म्हणतात, म्हणून हिचंही नाव तेच ठेवलं. गल्लीतले लोक म्हणायचे, बाघिन. फटाक्याच्या आवाजानं खाटेखाली शिरणारी बाघिन.

आणि ही रीत शेवटपर्यंत चालली. संध्याकाळी छावणीतलं बिगुल वाजलं की दादा आईच्या वेळचं पितळी तसराळं घेऊन गच्चीवर यायचे. पोळीचे दोन तुकडे करायचे. पहिला घास दादांचा, मग तिचा. त्याशिवाय ती तोंड लावायची नाही. मी एकदा भिंतीवरून म्हटलंही, "दादा, यजमान कधी आधी जेवतो का?"

"इथं यजमान कोण आहे ते तिला विचार," म्हणाले.

एकदा दादा डोळ्याच्या ऑपरेशनला ग्वाल्हेरला गेले, तेव्हा ती आमच्याकडे होती. मीही तिच्यासमोर बसून आधी घास खाऊन दाखवला. माझ्या गळ्याकडे तिनं बघितलं, आणि तोंड फिरवून दाराकडे बघत बसली. दादा येईपर्यंत नुसत्या पाण्यावर राहिली. मला तेव्हा जरा अपमानच वाटला. आमच्या देवघरात दत्ताची तसबीर आहे, त्यांच्या पायाशी चार कुत्री. दर गुरुवारी मी वाघिणीच्या नावाची पोळी करून पाठवत असे. दादा चिडवायचे, "तुझ्या दत्ताकडे चार आहेत, तरी माझ्या एकीवर डोळा?"

गेल्या थंडीत तिच्या जबड्याखाली गाठ आली. आधी वाटलं, कुणाशी भांडली असेल. मग दुसरी आली. गुरांच्या डॉक्टरांनी सुईनं काढून तुकडा तपासायला पाठवला. उत्तर आलं तेव्हा हे दादांबरोबर गेले होते. डॉक्टर म्हणाले, "दादा, कैंसर है. फेफड़ों तक पहुँच गया है. अब जितना खा ले, जितना सो ले, वही दवा है."

जितकं खाईल तितकं. झालं, दादांनी ते मनावर घेतलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, मध्येच केव्हाही. भूक असो नसो, दादा घास घ्यायचे, म्हणजे ती घेईल. खिचडी, दूधभात, अंड्याचा पिवळा बलक. सोवळ्याचं सोडा, दादांनी आयुष्यात अंडं खाल्लं नव्हतं. तिच्यासाठी खाल्लं, नाक दाबून. समोरच्या सरलाभाभींना बोलायला काही तरी लागतंच. त्या एक दिवस खालून ओरडल्या, "काए दद्दा, बाघिन सूखत जा रई, तुम फूलत जा रए!" दादा गच्चीवरून म्हणाले, "हओ भौजी, दोइयन कौ मिला कें तौल लो, उत्तई वजन है."

दोघांचं मिळून वजन अजून तेवढंच, या उत्तरावर मी हसले. मग खाली जाऊन रडले.

वैशाखात ती गेली. त्या संध्याकाळी मी तुळशीपाशी होते. तिला उठता येत नव्हतं. दादांनी उचलून वर आणलं होतं. अजून गच्चीच्या फरशा पायाला चटका देत होत्या, म्हणून ओलं पोतं पसरून त्यावर निजवली होती. बिगुल वाजलं. दादांनी पोळीचा तुकडा तोंडात घातला आणि तो त्यांना गिळवेना. ओठ मिटून बसले, गळा हलेना. मग तो घास हातात काढला. पुन्हा घातला. पुन्हा काढला. ती त्यांच्या गळ्याकडे बघत होती. तिसऱ्यांदा त्यांनी घास घातला तेव्हा मी म्हणाले, "दादा, गिळा. गिळा हो." त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि परत तिच्याकडे बघितलं, तोवर तिचे डोळे तिथंच थांबलेले होते. त्यांच्या गळ्यावर.

मागच्या अंगणात कडुलिंबाखाली तिला ठेवलं. यांनी खड्डा खणला. दादा म्हणाले एवढंच, "उपाशी गेली."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दिवा लावत होते. पलीकडे दादा खाटेवर पाठ करून बसलेले. बिगुल वाजलं, आणि जिन्यावर नखं वाजली. दगडी पायऱ्यांवर कुत्र्याची नखं वाजतात तशी, हलकी, थांबत थांबत. शेवटच्या महिन्यात ती अशीच चढायची, दर पायरीला दम खाऊन. मी काडी हातात धरून उभी राहिले, काडी बोटाशी येईपर्यंत. आवाज वर आला, फरशीवरून गेला, आणि खाटेपाशी थांबला. दादा वळले नाहीत.

मला वाटलं, सवयीनं कान वाजले. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हाही मला कितीतरी दिवस त्यांची काठी ऐकू येत असे. मी नामस्मरण करत खाली आले. पण तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी सरलाभाभी माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. एरवी त्यांचा आवाज कोपऱ्यावर ऐकू येतो, त्या दिवशी कुजबुजत होत्या. "जिज्जी, संजा कें गली में देखियो. कुत्ता गैल छोड़ देत हैं."

बघितलं मी. दारामागून. बिगुलाच्या सुमाराला गल्लीतली सगळी कुत्री, जी एरवी मध्ये पसरून स्कूटरलाही हलत नाहीत, ती उठून दोन्ही बाजूंच्या भिंतींना लागून उभी राहिली. भुंकली नाहीत. माना खाली. मागच्या कडुलिंबाकडून येणाऱ्या बोळापासून दादांच्या जिन्यापर्यंत मधली वाट मोकळी. जरा वेळानं परत येऊन बसली. उन्हाळ्यात संध्याकाळी गल्लीत धूळ उडते, ती वाटेच्या दोन्ही बाजूंना उडत होती. मध्ये नव्हती. हे यांना सांगितलं तर म्हणाले, "तू जरा दुपारची झोपत जा." पण दुसऱ्या दिवशी शाळेतल्या नोकरीवरून परत आले आणि दारातच उभे राहून गल्ली संपेपर्यंत बघत राहिले, आणि झोपत जा असं पुन्हा म्हणाले नाहीत.

तसराळ्याचं त्याहून विचित्र. दादा रोज त्यात दूध आणि कुस्करलेली पोळी घालून ठेवायचे. सकाळी तसंच. झाशीचा वैशाख, वाटीत दूध विसरलं तर तासाभरात फाटतं. ते दूध दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसंच्या तसं. मी भिंतीवरून वाकून वास घेतला. ताज्या दुधाचा वास. आणि मुंगी नाही. माझ्या तुळशीच्या कुंडीपासून मुंग्यांची रांग भिंत चढून पलीकडे उतरत होती, ती तसराळ्याला वळसा घालून पुढे जात होती. चिमण्या पाण्याच्या पसरट भांड्यावर यायच्या, ह्याच्यावर नाही. जशी काही ती वस्तू कुणाच्या तरी पुढे वाढलेली होती आणि खाणारा अजून पानावर बसलेला होता.

आणि दादा जेवत नव्हते. मी डबा पाठवायची तो तसाच परत. चहा तेवढा घ्यायचे. "पचत नाही," म्हणाले. मग एकदा मी खोदून विचारलं तर म्हणाले, "तुमच्यातच ना, कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही? मग आता कशाला मागे लागतेस?"

मला यात आशा दिसली. हा माणूस कावळ्याचं नाव काढतो आहे. मी महेशगुरुजींना फोन केला. ते आमच्याकडे सत्यनारायणाला येतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, शास्त्रात कुत्र्याला घास सांगितलेला आहे. कुत्र्याच्या नावानं घास कुठे सांगितलेला नाही."

"मग ठेवू नको?"

"मी काही सांगितलं नाही असं समजा, आणि ठेवा. जिवाला जिवाचं लागतंच. फक्त एक करा. त्या पानातलं कुणी चाखू नका. मुलांना, माणसांना, कुणालाच देऊ नका. ज्याच्या नावाचं पान, त्याच्या पंगतीला बसल्यासारखं होतं ते."

दहाव्याला मी केळीच्या पानावर दहीभात, पोळी, थोडं दूध असं मधल्या भिंतीवर वाढलं. सकाळची वेळ, ऊन अजून तापायचं होतं. हे होते, सरलाभाभी डोक्यावरून पदर घेऊन आल्या होत्या. दादा आपल्या खाटेवर. त्यांच्या पाण्याच्या टाकीवर कावळे आले. एक, मग तीन, मग कडाच भरून गेली. कावळे भाताला बघून गप्प बसत नाहीत, पण हे बसले होते. एकानंही चोच उघडली नाही. सगळ्यांची तोंडं पानाकडे.

माणसांच्या वेळी करतात तसंच आम्ही केलं. बोलून द्यायचं. हे म्हणाले, "वाघे, दादांची काळजी करू नको, आम्ही आहोत." कावळे बसलेले. सरलाभाभी म्हणाल्या, "बाघिन बिटिया, गली के कुत्तन खौं रोज रोटी हम डारहैं, हमाई कसम." कावळे बसलेले. मी म्हणाले, गुरुवारची पोळी चालू ठेवीन. काही नाही. शेवटी सरलाभाभी दादांकडे वळल्या. "दद्दा, तुमऊ कछू बोल देओ. तुमाई हती."

दादा खाली बघत होते. बोलले नाहीत.

ऊन चढलं. कावळे एकेक करून गेले, पंखांचा आवाजही न करता. पान दुपारपर्यंत तिथंच होतं. भाताचं एक शीत वाळलं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी दादांना जिन्यात घेरी आली. हे शाळेत होते. मीच त्यांना धरून खोलीत आणून बसवलं, कूलर लावला, साखर-मीठ घालून लिंबाचं सरबत केलं. ते त्यांनी घोट घोट घेतलं. घोट घेताना गळा हलला, आणि त्यांनी चटकन गळ्यावर हात ठेवला. झाकला. कुणी बघेल म्हणून झाकावा तसा.

तेव्हा मला कळलं. इतके दिवस माझ्या डोक्यात दहावा, कावळा, गुरुजी हेच चाललं होतं. माणसाच्या शास्त्रानं तिला वाढत होते. कावळा शिवेपर्यंत माणसानं जेवायचं नाही, हा आपला नियम. तिचा उलटा होता.

"दादा," मी म्हणाले, "ती का जेवत नाही, ते तुम्हाला कळलंय ना?"

कूलरचं पाणी आत टपटपत होतं. दादा म्हणाले, "कळलंय."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी."

मी पेला त्यांच्या हातातून घेतला. तेच बोलले मग. "मी आधी खाल्लं की ती खाणार. ती जेवली की जाणार. आत्ता उपाशी आहे, म्हणून येते. येऊन माझ्या पायाशी उभी राहते, सुरभीबाई. थंड वाटतं इथं, पोटरीला. ह्या उन्हाळ्यात. तू बघितलंस ना, गल्लीतली कुत्री वाट देतात? मी काय वेडा नाही."

"तुम्ही वेडे नाही. पण ती भुकेली आहे."

"मीही आहेच ना भुकेला. बरोबरच आहोत."

"हे बरोबर असणं नव्हे हो. असंच चाललं तर आठवड्याभरात तुम्हाला उचलावं लागेल."

"मग वाईट काय?" असं म्हणून ते माझ्याकडे बघून हसले, आणि ते हसू बघून मला भर दुपारी, त्या खोलीत, एकटीला बसवेना. कूलरच्या वाऱ्यात ओल्या कुत्र्याच्या अंगाचा वास येत होता. मी उठले. दाराशी जाऊन परत वळले. रागच आला मला. दादांचा, आणि त्या वासाचाही.

"दार ठोकून ठोकून उघडलंत ना तुम्ही तेव्हा? कोण काय म्हणतंय ते न ऐकता? आता तुम्हीच तिला आत घालून दार लावून बसला आहात. दाणा नाही, पाणी नाही. आणि हे तिला माहीत नसेल असं वाटतं तुम्हाला? रोज येऊन तुमच्या गळ्याकडे बघत असेल ती."

दादांचा चेहरा असा झाला की वाटलं, आपण बोललो ते परत घ्यावं. पण घेतलं नाही. घरी आले.

चार वाजता त्यांनी भिंतीवरून हाक मारली. खाटेचा आधार घेऊन उभे होते. "आज करतो. पण वेगळ्या ताटातलं खाऊन चालणार नाही. तिला एकाच पोळीचे दोन तुकडे लागतात, दुसरं ती मानत नाही. तुझ्या त्या पानातलंच खायला लागेल मला."

आणि गुरुजींनी नेमकं तेच नको म्हटलेलं. माझ्या सासूबाईंच्या माहेरी एका मुलानं न कळत असं पान चाखलं होतं, ती गोष्ट त्या सांगायच्या. शेवट कधी सांगायच्या नाहीत. मी देवघरात जाऊन बसले. गुरुवार होता. दत्तासमोर सकाळचा नैवेद्य झालेला होता. मी तसबिरीतल्या चार कुत्र्यांकडे बघत राहिले. मग उठून पुन्हा कणीक भिजवली, एकच पोळी केली, तुपाचं बोट फिरवलं आणि ती दत्तापुढे ठेवली. पाणी फिरवलं. म्हणाले, महाराज, हे पान मेलेल्याचं आहे का जित्याचं, मला ठरवता येत नाही. तुम्ही आधी हात लावा. म्हणजे मग तो प्रसाद, आणि प्रसाद कुणीही खावा.

बिगुलाच्या आधी मी ती पोळी घेऊन वर गेले. नेहमी भिंतीच्या अलीकडे असते, त्या दिवशी पलीकडे गेले. दादांनी सांगितलं होतं, एकटा बसणार नाही. तसराळ्यात दूध घातलं. दादा खाली फरशीवर बसले, खाटेवर नाही. मी जिन्याकडे पाठ करून तुळशीकडे तोंड केलं.

बिगुल वाजलं. खाली गल्लीत कुत्री उठल्याची सळसळ झाली. मग नखं. त्या दिवशी ती फार हळू चढली. प्रत्येक पायरीला इतकी थांबली की मला वाटलं, नाही येत आता. मग माझ्या पाठीमागून फरशीवरून गेली. माझ्या टाचेला थंडी लागली आणि गेली.

दादांनी पोळीचे दोन तुकडे केले. एक तोंडात घातला. चावत राहिले, चावत राहिले. त्यांचं नाक वाहायला लागलं. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते, त्यांचा गळा हलत नव्हता.

"दादा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, बोलू नको अशी. डोळे समोर, फरशीपासून हातभर वर, कुठे तरी खिळलेले. मग त्यांनी मान किंचित उंच केली. दाखवायला करतात तशी, की बघ. आणि गिळला घास.

दुसरा तुकडा तसराळ्यात ठेवला. देवाला नैवेद्य दाखवला की आपण डोळे मिटतो. देव जेवत असताना बघायचं नसतं. मी डोळे मिटून घेतले. पितळेवर जीभ फिरल्याचा आवाज ऐकला मी. इतकी वर्षं रोज भिंतीपलीकडून ऐकलेला, तो आवाज मला चुकणार नाही. सावकाश, तळ खरवडून. मग भांडं नाकानं ढकललं की फरशीवर घासतं, तो आवाज. मग काहीच नाही.

डोळे उघडले तेव्हा दादा अजून तसेच बसलेले होते. मी तसराळ्याकडे बघितलं नाही. खाली आले आणि दाराला कडी लावली.

सकाळी कावळ्यांच्या कालव्यानं जाग आली. सगळी गल्ली जागी झाली असेल. धावत वर गेले तर मधल्या भिंतीवर, तसराळ्यावर, खाटेवर कावळेच कावळे. एकमेकांना टोचून, पंख मारून देवाच्या नैवेद्यासारखं जेवून झाल्यावरही उरलेलं ओढत होते. दूध आंबलं होतं. तो वास भिंतीपलीकडून येत होता. मुंग्यांची काळी रांग थेट भांड्यात. इतक्या दिवसांचं आंबणं, मुंग्या, सगळं एकदम आलेलं. मी हात जोडले.

दादा जिन्यातून वर आले. क्षणभर बघत राहिले. आणि पायातली चप्पल काढून त्यांनी कावळ्यांना मारली. मग दुसरी मारली. "हट! हट! साले, हट!" कावळे उडून परत बसले. ज्यांची वाट आम्ही हात जोडून बघितली होती तेच कावळे, आता भिकाऱ्यांसारखे. दादांना फेकायला आता काही राहिलं नव्हतं. ते जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले आणि रडले. मोठ्यानं, लहान मूल रडतं तसं, ओठ वाकडे करून. सरलाभाभी खाली दारात आल्या, आणि वर बघून आत गेल्या.

त्या संध्याकाळी बिगुल वाजलं तेव्हा मी दिवा लावत होते. गल्लीतली कुत्री मधोमध पसरलेली होती. एक स्कूटरवाला हॉर्न देऊन देऊन दमला.

"सुरभीबाई, तुला काही ऐकू आलं?" पलीकडून दादांनी विचारलं.

"नाही, दादा."

"खरं सांग. दिव्यापुढे उभी आहेस."

"खरंच नाही आलं."

दादा जिन्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "भूक लागली आहे ग."

मी खाली जाऊन गरम पोळी आणि बटाट्याची भाजी आणून भिंतीवरून दिली. दादा खाटेवर बसले. पोळीचे दोन तुकडे केले, एक तोंडात घातला, चावून गिळला. दुसरा तुकडा धरलेला हात आपोआप खाली गेला, गुडघ्याशेजारी, आणि तिथं थांबला. मी निघून जायला हवं होतं, पण पाय निघेना. दादांनी खाली बघितलं नाही. छावणीच्या बाजूचं आभाळ काळं व्हायला लागलं, खालच्या दुकानांचे दिवे लागले, तरी हात तसाच खाली.

मग त्यांनी तो वर घेतला, आणि तोही तुकडा स्वतःच खाल्ला.